१८ वॅटचा ॲम्प आणि माझी पाच पेडलं

गेल्या वर्षी ऑगस्टमधे मित्राकडून गिटारचा एक ट्यूब ॲम्प (आवाज मोठा करणारा डबा, आत जुन्या रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व, म्हणजेच ट्यूब) घेतला. मित्र सात वर्षं इंग्लंडमधे होता, पुण्यात परत आला तेव्हा सामानासोबत ॲम्प पण आला, मग मुलगी झाली आणि त्याचं वाजवणंच बंद पडलं, तर मला म्हणाला नुसता धूळ खातोय, घेतोस का. घेतला. पैसे तीन हप्त्यात दिले आणि घरी खरा आकडा अजून सांगितलेला नाही.

तिकडच्या एका माणसाने एकट्याने हाताने वायरिंग करून बनवलेला आहे. मार्शल ह्या ब्रिटिश कंपनीने १९६५ ते ६७ मधे १८ वॅटचे छोटे कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) काढले होते त्या सर्किटवरचा. आत दोन ईएल८४ पॉवर ट्यूब, तीन ईसीसी८३, रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) सुद्धा ट्यूबचाच, १२ इंची ग्रीनबॅक स्पीकर एक. चॅनलला नॉब फक्त दोन, व्हॉल्यूम आणि टोन. मास्टर व्हॉल्यूम नाही, रिव्हर्ब नाही, काही नाही. ब्रिटनचा असल्यामुळे एक बरं, अमेरिकन ॲम्प आणणाऱ्यांना जो स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर सोबत बाळगावा लागतो तो ताप नव्हता, चौकोनी पिनांचा प्लग कापून आपला थ्री पिन लावला की झालं.

झालं कसलं. हॉलमधे लावला तर हमिंग एवढं की स्वयंपाकघरातून हाक आली काय चालू केलंयस. आणि तारांना हात लावला की बोटांना हलक्या झिणझिण्या. तिथेच बंद केला. इलेक्ट्रिशियन बोलावला तर सॉकेटच्या मागे अर्थिंगची वायर नुसती गुंडाळून ठेवलेली, जोडलेलीच नाही, बारा वर्षं आम्ही त्या सॉकेटवर टीव्ही बघतोय. ज्या डब्यात ३०० व्होल्टच्या वर डीसी खेळतोय आणि ज्याच्या चासीला तुमच्या गिटारच्या तारा जोडलेल्या आहेत त्याला अर्थिंग नसणं म्हणजे काय हे सांगायला नको. दीडशे रुपयात काम झालं, हम ऐंशी टक्के गेला.

मग बसलो. आधी नुसती गिटार आणि ॲम्प. स्ट्रॅट, सिंगल कॉइल, व्हॉल्यूम घड्याळातल्या नऊवर (गिटारवाले नॉब घड्याळात सांगतात, सातवर पूर्ण बंद, पाचवर फुल, मधे बारा). आवाज असा की मी एक ए मेजर कॉर्ड मारून ती विरेपर्यंत ऐकत बसलो. मग उत्साहाने पेडलबोर्ड काढला (पेडल म्हणजे गिटार आणि ॲम्पच्या मधे लावायचा, आवाज बदलणारा, पायाने चालू-बंद करायचा छोटा डबा) आणि ट्यूब स्क्रीमर नावाच्या पेडलवर पाय दिला, ड्राइव्ह (पेडलने आवाज किती फाटवायचा) बारावर, लेव्हल (पुढे किती जोरात पाठवायचा) बारावर, टोन बारावर, माझं गेल्या दहा वर्षांचं सेटिंग.

पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी अडकल्यासारखं वाजलं. खरंच सांगतो. वर नाकातून बोलल्यासारखं, खालचा भाग गायब, आणि जी कॉर्ड आत्ता दोन मिनिटांपूर्वी सहा तारांची ऐकू येत होती ती एकच गोळा झाली.

आता माझा आधीचा संसार सांगतो म्हणजे धक्का का बसला ते कळेल. दहा वर्षं माझ्याकडे एक सॉलिड स्टेट (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवाला) ॲम्प होता, कायम क्लीन, म्हणजे न फाटणाऱ्या चॅनलवर, आणि जो काय आवाज तो सगळा पायाखालच्या बोर्डातून. पाच पेडलं, त्यातली तीन ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज फाटवणारी. ॲम्प म्हणजे माझ्यासाठी नुसता भोंगा होता. ट्यूब स्क्रीमरवर तर श्रद्धा, १९७९ चं डिझाइन, पुढे अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉनने वापरलं, त्याच्या आतल्या ४५५८ चिपवर लोकांनी रात्री घालवल्यात, मी पण घालवल्यात. त्यामुळे पहिला महिना मी हेच धरून चाललो की दोष ॲम्पमधे आहे, पेडलमधे नाही. ट्यूब जुन्या झाल्या असतील, स्पीकर बसला असेल. मित्राला फोन करून विचारलं सुद्धा, तो म्हणाला मी कधी पेडल लावलंच नाही रे त्याला. मला वाटलं हा उगाच शायनिंग मारतोय.

खरी गोची आवाजाच्या पातळीची होती. १८ वॅट म्हणजे लहान, घरात चालेल, असा माझा समज. पण वॅट निम्मे केले तर फक्त ३ डेसिबल कमी होतात, कानाला निम्मा वाटायचा असेल तर पॉवर दहापट कमी करावी लागते. म्हणजे आपल्याला निम्मा वाटेल असा ॲम्प १.८ वॅटचा. आणि स्पीकर असा की एका वॅटला एक मीटरवर ९५ डेसिबलच्या वर देतो. फ्लॅटमधे नऊच्या पुढे नॉब नेला की खालच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत येऊन वर बघायच्या, बोलायच्या काही नाहीत, नुसत्या बघायच्या. त्यामुळे ॲम्प कायम नऊवर, तिथे तो अगदी क्लीन, आणि सगळी घाण करायचं काम पेडलवर. त्यात त्या कमी आवाजात ट्यूबा काम करतायत की नाही तेच कळत नाही.

सप्टेंबरमधे जॅमपॅडला, म्हणजे बँडच्या सरावाच्या भाड्याच्या खोलीवर घेऊन गेलो (उचलून नेताना कळतं ट्रान्सफॉर्मर काय चीज असते ती, डावा खांदा दोन दिवस दुखत होता). तिथे ड्रमर बडवत होता म्हणून ॲम्प एकवर नेला, आणि तिथे ॲम्पच स्वतः फाटायला लागला, हळू वाजवलं तर स्वच्छ, जोरात मारलं तर कडेने खरखर. ह्या सर्किटमधे निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा परत आत देऊन आवाज आवरणं) नाही, त्यामुळे क्लीनमधून फाटण्यात तो अचानक जात नाही, मधे मोठा उतार आहे, आणि सगळी मजा त्या उतारावर. आता त्यावर पेडल. सवयीने ड्राइव्ह बारावर, परत गांधीलमाशी. वैतागून ड्राइव्ह पूर्ण सातवर आणला, म्हणजे शून्य, आणि लेव्हल तीनपर्यंत चढवली, म्हटलं निदान सोलोला जरा जोरात तरी येईल.

जोरात आलंच नाही. म्हणजे किंचित आलं असेल. पण नोट लांबली, जाड झाली, बोटाखाली रबरासारखी ताणली जायला लागली. मी लेव्हलचा नॉब खालीवर करून बघितला, दर वेळी तेच. सॉलिड स्टेटवर लेव्हल म्हणजे आवाज मोठा, बास. इथे पॉवर ट्यूबा आधीच जेवढं देता येतं तेवढं देतायत, वर आणखी सिग्नल ढकलला तर तो मोठा कुठे होणार, तो आणखी दाबला जातो आणि फाटतो. तर ह्या ॲम्पवर पेडलचा लेव्हल नॉब हाच गेनचा, म्हणजे फाटण्याचा नॉब आहे आणि पेडलवर जो ड्राइव्ह लिहिलेला आहे त्याला हातच लावायचा नाही. दहा वर्षं मी बरोबर उलटं वापरत होतो, आणि तेव्हा ते बरोबरच होतं, कारण तो ॲम्प वेगळा.

त्या दिवशी तासाला चारशे रुपये भाडं चालू असताना मी पाऊण तास नॉब फिरवत होतो आणि बासवाला मोबाईल बघत होता. त्याने मला अजून माफ केलेलं नाही.

तरी नाकातून बोलणं पूर्ण गेलं नव्हतं. त्याचं कारण नंतर डोक्यात शिरलं. ट्यूब स्क्रीमर ७२० हर्ट्झच्या खालचं फाटण्याच्या आधीच कमी करत जातं आणि नंतर वरचं पण गोल करतं, उरतो तो मधला उंचवटा. स्टीव्ही रे व्हॉनचे ॲम्प फेंडरचे, ब्लॅकफेस जातीचे, ज्यांच्यात मधला भाग मुळातच खोल गेलेला असतो, तिथे हा उंचवटा त्या खड्ड्यात जाऊन बसतो. माझ्या ॲम्पला खड्डाच नाही, तो आधीच मिड्सवाला. खड्डा नसलेल्या रस्त्यावर डांबर टाकलं की जे होतं ते (पुण्यातल्या माणसाला स्पीडब्रेकर समजावून सांगायची गरज नाही). मित्राचं बॉसचं एसडी-१ आणून बघितलं, १९८१ पासून तेच पिवळं पेडल, त्याचे डायोड असमान आहेत, एका बाजूला दोन आणि एका बाजूला एक, त्यामुळे जरा मोकळं वाजतं, पण उंचवटा जवळपास तसाच. जमलं ते ब्लूजब्रेकर जातीचं पेडल. मूळचं मार्शलचंच, १९९१ चं, आता त्याच्या शंभर नकला मिळतात, मी त्यातलीच एक सेकंडहँड घेतली. गेन फार कमी, मला आधी वाटायचं हे काय बिनमिठाचं, पण ते खालचं वरचं फारसं कापत नाही, आणि ॲम्प ज्याचा मुळातच आवाज आहे त्याला एवढंच पाहिजे असतं, पाठीवर थाप. शिवाय घरी ॲम्प नऊवर असताना पण हे एकटंच जरा बरं वाजतं.

(घरासाठी अटेन्युएटर पण करून झाला, ॲम्प आणि स्पीकरच्या मधे बसतो आणि जास्तीची पॉवर उष्णता करून टाकतो. थोडं कमी करायला ठीक आहे, फार दाबलं की पांघरुणाखालून वाजल्यासारखं. आणि ॲम्प, अटेन्युएटर आणि स्पीकरचे ओहम (रोध) जुळवून लावायचा, स्पीकर किंवा लोड न जोडता ट्यूब ॲम्प चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. हे ज्याला माहीत नाही त्याने हा परिच्छेद दोनदा वाचा.)

नोव्हेंबरमधे नवीन भानगड. पेडल चालू करून जोरात नोट मारली की तिच्या शेपटीला एक बारीक शीळ लागायची, टिंऽऽऽ करून, आणि मग वाढत जायची. अर्थात मी पेडललाच धरलं. केबल बदलल्या, ॲडॉप्टर बदलला, पेडलं एकेक करून काढली घातली, दोन रविवार गेले. शेवटी एकाने सांगितलं बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या जवळ एक काका जुने व्हॉल्वचे रेडिओ दुरुस्त करतात, त्यांना दाखव.

पहिल्या मजल्यावर एवढीशी खोली, मर्फीचे, फिलिप्सचे रेडिओ छतापर्यंत. काकांनी ॲम्प पालथा घालून मागून बघितला. म्हणाले,

"ह्याला बँड कुठंय?"

"काका, रेडिओ नाही, गिटारचा आहे."

"हां. म्हणजे पुढचा अर्धा रेडिओ. दोन ईएल८४, पुशपुल... रेडिओग्राममधे असायचे. चांगल्या घरचा आहे."

स्टुलावर ठेवून चालू केला, मिनिटभर तापू दिला. मग कानामागची पेन्सिल काढली आणि रबराच्या बाजूने एकेका ट्यूबला टकटक करत गेले, दुसरा हात खिशात. मला वाटलं ऐट आहे. मग म्हणाले आत हात घालायची वेळ आली की एक हात खिशातच ठेवायचा, दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो, आणि बंद करून प्लग काढला तरी कंडेन्सरमधे भरलेला असतोच, तो आधी उतरवायचा. आज उघडलं नव्हतं, पण पन्नास वर्षांची सवय. पहिल्या ट्यूबला टकटक, काही नाही. दुसरीला काही नाही. इनपुटच्या जवळच्या ईसीसी८३ ला पेन्सिल लागली आणि स्पीकरमधून देवळातली घंटा वाजली.

"मायक्रोफोन झालाय हा. तुझं ते पायातलं काढ बघू."

पेडल काढलं. केबलही काढली. गिटार नाही, पेडल नाही, व्हॉल्यूम दोनवर, पेन्सिल लावली की घंटा. म्हणजे पेडलचा काही संबंधच नव्हता, पेडलमुळे नोट दणक्यात यायची आणि स्पीकरच्या हादऱ्याने आतली ट्यूब वाजायची, एवढंच. पेडल ट्यूबच्या आधी आहे, शीळ ट्यूबमधे आहे, दोन रविवार मी पाण्याची टाकी गळतेय म्हणून नळ बदलत होतो. काकांनी बंद करून, जरा निवू देऊन, ती ट्यूब आणि फेज इन्व्हर्टरची (सिग्नल दोन पॉवर ट्यूबांत वाटणारी) ट्यूब यांची अदलाबदल केली, दोन्ही ईसीसी८३ च. म्हणाले इथून पुढं आवाज फार वाढत नाही, इथं चालून जाईल. परत टकटक, नुसती टक. मग वाजवून दाखव म्हणाले. मी ब्लूजब्रेकर लावून दोन मिनिटं वाजवलं. काका मान तिरकी करून ऐकत होते.

"फाटतोय की."

"फाटायलाच पाहिजे काका, त्यासाठीच आहे."

"आमच्याकडं फाटला की दुरुस्तीला आणायचे."

दोनशे रुपये घेतले. वर ड्रॉवरमधून जुने जर्मेनियम ट्रान्झिस्टर काढून दिले, एसी१२८, सहा नग, त्याचे वेगळे साठ.

ते कशाला, तर डोक्यात ट्रेबल बूस्टर शिरला होता. साठच्या दशकातला डॅलस रेंजमास्टर, आत एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर, एक नॉब. खालचा भाग जाऊच देत नाही, वरचा ढकलतो, आणि ईएल८४ वाल्या ब्रिटिश ॲम्पशी त्याचं जुनं सूत आहे, आयरिश गिटारवादक रॉरी गॅलाघरने व्हॉक्स एसी३० ॲम्पला तेच लावलं, क्वीन बँडचा ब्रायन मे पण एसी३० आणि ट्रेबल बूस्टरवाला. (त्याच्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला आणि तिथेच पोरांच्या बँडमधे पियानो वाजवायचा, तर हे सर्किट आपल्याला अगदीच परकं नाही असं मी स्वतःला सांगितलं.) भाग जेमतेम दहा, एका संध्याकाळी व्हेरोबोर्डवर (भोकांच्या सर्किट बोर्डवर) झाला. सहा ट्रान्झिस्टरमधे चार फार गळके निघाले, दोन बरे. पहिल्यांदा लावला तो शनिवार मी विसरणार नाही. ॲम्प बारावर, जो खालचा भाग फाटताना चिखल व्हायचा तो बूस्टरने आधीच कापलेला, आणि वरच्या तारा गायला लागल्या. गिटारवरचा व्हॉल्यूम (तो घड्याळात नाही, दहापैकी) सहावर आणला की परत क्लीन, पाय हलवायची गरज नाही.

रविवारी मी तोच बूस्टर बाकीच्या पेडलांच्या एका माळेच्या ॲडॉप्टरवर लावला. जर्मेनियम पीएनपी, म्हणजे त्याचं ग्राउंड पॉझिटिव्ह, बाकी सगळ्यांचं निगेटिव्ह. गिटारच्या केबलच्या ग्राउंडमधून सरळ शॉर्ट. सगळे दिवे एकदम गेले, ॲडॉप्टर हाताला चटका बसेल एवढा तापला आणि वारला. पेडलं वाचली. तेव्हापासून बूस्टरला त्याची स्वतःची ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी.

आणि मे महिना. (ब्रायन नव्हे, आपला.) जॅमपॅडचा एसी बिघडलेला, बाहेर चाळीस. जो बूस्टर जानेवारीत गात होता तो नोट अर्धी सोडून फुरफुर करायला लागला, तहानलेल्या घोड्यासारखा. जर्मेनियम तापलं की गळती वाढते आणि ट्रान्झिस्टर आपली जागा सोडतो, हे वाचलेलं होतं, पण ज्यांनी लिहिलं ते इंग्लंडात बसून लिहीत होते, मी भर उन्हाळ्यात विमाननगरच्या पत्र्याच्या शेडमधे. मी तो ॲम्पवर ठेवायचो हे आणखी शहाणपण, खाली पाच ट्यूबा आणि रेक्टिफायर पेटलेले. आता जमिनीवर फरशीला टेकवून ठेवतो, पंख्याखाली. मार्च ते जून मात्र ब्लूजब्रेकरच.

तर पाचाच्या जागी आता दोनच पेडलं, त्यातलं एक हंगामी. व्हॉल्यूम साडेबारावर, तिथे मी ॲम्पवर मास्किंग टेपचा एक तुकडा चिकटवलाय. ब्लूजब्रेकरचा ड्राइव्ह आठवर, लेव्हल दोनवर. त्याच्याहून जास्त फाटलेलं पाहिजे असेल तर जोरात मारायचं.

ट्यूब स्क्रीमर विकायला काढलं. चिंचवडचा एक पोरगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, म्हणाला माझ्या ॲम्पवर ऐकूनच घेईन, या ना घरी. गेलो. त्याच्याकडे ब्लॅकफेस सर्किटवरचा ॲम्प, कोणीतरी इथेच बनवून दिलेला, दोन ६व्ही६ वाला, काचेसारखा स्वच्छ, मधे खड्डा. त्याने माझ्यासारखंच तिन्ही नॉब बारावर ठेवून पाय दिला, आणि ते पेडल जे माझ्याकडे वर्षभर नाकातून बोलत होतं ते छातीतून बोललं. पोरगा दात काढून हसत होता. मी म्हटलं दे जरा गिटार. त्याने पैसे जीपे करून टाकले, पेडल त्याचं झालं, आणि मी त्याच्या पलंगावर बसून त्याच्या ॲम्पवर ते वाजवतोय, ड्राइव्ह दोनवर, चारवर, परत बारावर, शेवटी त्याची आई दारात येऊन म्हणाली, दादा चहा टाकू का जेवूनच जाताय?